वजाबाकीने घडलेले शिल्प

उदगीर, बिदर, जहीराबाद करत गाडी विकाराबादला येते, तोवर भूमी मराठवाड्याच्या माणसाला परकी वाटत नाही. काळी रानं, सपाट माथ्याच्या टेकड्या, मध्येच बिदरचा लाल जांभा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचले आणि हा दख्खन झाला. तो बेरजेचा प्रदेश आहे. हैदराबाद जवळ येते आणि धोंडे सुरू होतात. घराएवढे, गुलाबी-करडे, गोलसर, एकमेकांच्या अंगावर तोललेले.

पाहताना वाटतं, कुणीतरी ते आणून रचले असावेत. प्रत्यक्षात कुणी काहीच ठेवलेलं नाही. सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटात थिजलेला हा ग्रॅनाइट. वरचं ओझं झिजत गेलं, दाब हटला, खडकाला उभ्या-आडव्या भेगा पडल्या. भेगांतून पाणी मुरलं, फेल्डस्पारची माती झाली. कोपऱ्याला पाणी तिन्ही बाजूंनी भिडतं, म्हणून कोपरे आधी गेले आणि चौकोनी ठोकळा जमिनीखालीच गोल झाला. पुढे पावसाने भोवतालचा मुरूम वाहून नेला. एकावर एक दिसणारे तीन धोंडे मुळात एकाच खडकाचे! त्यांचा तोल इतका बिनचूक आहे, कारण ते आपल्या जागेवरून फारसे हललेलेच नाहीत. या प्रदेशातली मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट हीच.

गोवळकोंडा बांधणाऱ्यांनी हे ओळखलं होतं. तिथे घडीव दगडांची भिंत चढत येते, एका प्रचंड धोंड्याशी थांबते, धोंडाच तट होतो आणि पलीकडून भिंत पुन्हा सुरू होते. कुठे काय बांधायचं नाही, याची इतकी जाण मी फार थोड्या किल्ल्यांत पाहिली आहे. अखंड ग्रॅनाइटमध्ये पाणी सहज मुरत नाही. म्हणून खडकांच्या बेचक्यात बांध घालून तळी केली. दुर्गम चेरुवू त्यातलंच, गडाला पाणी देणारं. अनंतगिरीच्या डोंगरांतून येणारी मुसी नदीही याच खडकाळ भूमीतून वाहते. १९०८च्या सप्टेंबरात तिने शहर बुडवलं, त्यानंतर उस्मानसागर आणि हिमायतसागर हे जलाशय झाले.

आता हेच धोंडे सुरुंगाने फुटतात, खडी होतात, त्यावर इमारती उठतात. ते वाचवण्यासाठी झटणारी एक संस्था १९९६पासून शहरात आहे. हैदराबाद विद्यापीठालगतच्या कांचा गच्चीबावलीत २०२५मध्ये सुमारे ४०० एकरांवर यंत्रं फिरू लागली, तेव्हा विद्यार्थी आडवे आले आणि सर्वोच्च न्यायालयाने वृक्षतोड थांबवली. छत्रीसारखा ‘मशरूम रॉक’ त्याच परिसरात आहे.