पँफिली स्तंभावरील भरीचीं अक्षरें

रोम येथील पियात्सा नव्होना या चौकांत बेर्निनीनें 1651 सालीं पुरें केलेलें चार नद्यांचें कारंजें आहे. त्याच्या माथ्यावर ईजिप्तच्या घाटाचा ग्रॅनिटचा सूच्याकृति स्तंभ उभा आहे. आज तो जितका सबंध दिसतो तितका तो सांपडला नव्हता. आप्पिया मार्गावरील माक्सेंतियुसच्या रथक्रीडांगणांत तो भग्न होऊन पडला होता. दहावा इनोसंट पोप यानें तो आपल्या पँफिली घराण्याच्या वाड्यापुढें आणविला, माथ्यावर घराण्याचें चिन्ह म्हणून कपोत बसविला, आणि तुटलेल्या जागीं कोणतीं चित्राक्षरें असावीं हें ठरविण्याचें काम आथानासियुस किर्खर या जेसुइट पंडिताकडे सोंपविलें.

किर्खरचा या स्तंभावरील लॅटिन ग्रंथ 1650 सालीं प्रसिद्ध झाला. त्याच्या विद्वत्तेस आम्ही कमी लेखीत नाहीं. कॉप्टिक ही प्राचीन ईजिप्शियन भाषेचीच पुढील अवस्था होय, हें त्यानें ओळखलें होतें, आणि पुढें शाँपोलियोंस त्याच भाषेचा आधार झाला. परंतु लिपि त्यास वाचतां येत नव्हती. रोमन बादशहाच्या पदवीचीं अक्षरें त्यानें ओसिरिस देवाच्या गूढ तत्त्वज्ञानाचीं मानिलीं. 1822 सालीं लिपीचा उलगडा झाल्यावर नांव निघालें तें दोमिशियन बादशहाचें! म्हणजे हा लेख फारोंच्या काळींचा नसून इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीचा.

किर्खर आत्मचरित्रांत सांगतो कीं, मूळचे कांहीं तुकडे पुढें हातीं आले तेव्हां त्याची भर त्यांच्याशीं तंतोतंत जुळली. या साक्षीचा साक्षीदार तोच आहे. शिवाय जुळली असें धरलें तरी त्यावरून आकृति जुळल्याचें सिद्ध होतें, अर्थ कळल्याचें नाहीं. ज्यास धन्याचें नांव वाचतां आलें नाहीं, त्यानें त्याच्या लेखांतील गळलेले शब्द पुरे करावे, हा प्रकार आमचे मतें अक्षम्य आहे. वाळवीनें खाल्लेल्या मोडी कागदावर मोडी न येणाऱ्यानें शाई फिरवावी, तसेंच हें झालें. कागदाची भर निदान शाईच्या रंगावरून ओळखूं येते.

याच्या उलट उदाहरण त्याच शहरांत आहे. दुसऱ्या प्सामतिकचा जो स्तंभ ऑगस्टसनें रोमास आणून छायायंत्राचा शंकु म्हणून उभारिला, तो 1792 सालीं सहाव्या पायस पोपच्या आज्ञेनें आंतिनोरीनें मोंतेचितोरिओ चौकांत उभा केला. तुटलेल्या जागीं त्यानें आंतोनिनुस पायस बादशहाच्या स्तंभाचा ग्रॅनिट बसविला. एका पुराणवस्तूच्या डागडुजीस दुसरीचा दगड वापरावा हें आम्हांस रुचत नाहीं, पण ती गोष्ट वेगळी. त्या ठिगळांवर त्यानें अक्षरें मात्र खोदविलीं नाहींत. कोरे भाग आजही खालून नुसत्या डोळ्यांनीं दिसतात, आणि लेख कोठें तुटला याविषयीं कोणाची फसगत होत नाहीं.

किर्खरच्या ग्रंथांतील चित्रपटांवरून पँफिली लेख वाचूं इच्छिणारानें मूळ कोणतें व भर कोणती, याची वांटणी आधीं प्रत्यक्ष दगडावरून करून घ्यावी, मगच अर्थ लावण्यास बसावें.