विनय आणि भीड

ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात ज्ञानदेव स्वतःची तुलना चोचीने सागर मोजू पाहणाऱ्या टिटवीशी करतात. कोणाला ही अतिनम्रता वाटेल. पण त्यापुढे येतात सुमारे नऊ हजार ओव्या, आणि सहाव्या अध्यायात तर आपले मराठी बोल अमृतालाही पैजेत हरवतील, अशी ग्वाही. हा विरोध दिसतो तेवढा खरा नाही. आपले बळ ते निवृत्तिनाथांच्या कृपेचे मानतात. त्यामुळे स्वतःकडे लहानपण घेऊनही शके १२१२ मध्ये गीतेचा अर्थ मराठीत सांगण्याचे मोठे काम ते अंगावर घेऊ शकतात.

विनय बोलणाऱ्याला लहान करतो, बोलण्याला नाही. भीड नेमके उलट करते: बोलणाऱ्याला वाचवण्यासाठी ती बोलणेच आखडते.

हा फरक मला उशिरा कळला. एका ज्येष्ठ कवीच्या संग्रहावर लिहिताना ‘या कवितांत पुनरुक्ती आहे’ हे वाक्य मी खोडले आणि ‘माझ्यासारख्या सामान्य वाचकाला कदाचित उमगले नसेल’ असे लिहिले. तेव्हा तो मला विनय वाटला. प्रत्यक्षात मला सारे उमगले होते. फक्त कवीची नाराजी नको होती. वाचकाला मात्र त्याचा हक्काचा अभिप्राय मिळाला नाही.

मराठी प्रस्तावनांत आणि परीक्षणांत ‘अल्पमती’ वारंवार भेटते. तिच्यापुढचे वाक्य काय धाडस करते, एवढेच आता मी पाहतो.