शकावलीचा प्रभावांक

मराठी संशोधनपत्रिकांच्या संपादकांकडे अलीकडे लेखाच्या आधी एक प्रश्न येतो: ‘तुमच्या अंकाला इम्पॅक्ट फॅक्टर आहे का?’ विचारणारा बहुधा महाविद्यालयातला अध्यापक असतो आणि त्याची पदोन्नती त्या उत्तरावर अडलेली असते. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण ज्या आकड्यासाठी तो आपला लेख इकडून तिकडे नेतो, तो आकडा कोठून आला, तो नेमके काय मोजतो आणि मराठीतले संशोधन त्या मापात बसते का, हे एकदा तपासायला हवे. मी कोणत्याही विद्यापीठाच्या सेवेत नाही. या आकड्याने मला काही मिळायचे नाही आणि माझे काही जायचेही नाही. आयुष्याची बरीच वर्षे जुने कागद आणि पत्रिकांचे जुने अंक वाचण्यात गेली, एवढाच माझा या विषयातला अधिकार.

या मापाचा जन्म ग्रंथालयाच्या गरजेतून झाला. १९२७ मध्ये अमेरिकेतील पोमोना महाविद्यालयातल्या ग्रॉस आणि ग्रॉस या दोघांनी रसायनशास्त्राच्या एका प्रमुख नियतकालिकातले संदर्भ मोजले. कोणत्या पत्रिकेचा उल्लेख किती वेळा होतो हे कळले, तर मर्यादित पैशांत महाविद्यालयाने कोणत्या पत्रिका घ्याव्यात हे ठरवता येईल, असा त्यांचा साधा हिशेब होता. हिशेब पत्रिकांचा होता, माणसांचा नव्हता. ग्रंथालयशास्त्राला अंकगणिताची जोड देण्याचा विचार आपल्याकडेही झाला होता. शि. रा. रंगनाथन यांनी १९४८ मध्ये इंग्लंडमधील एका परिषदेत ‘लायब्रमेट्री’ हा शब्द मांडला. त्यांचाही रोख ग्रंथालयाची सेवा सुधारण्यावर होता.

दुसरा पूर्वज कायद्याच्या क्षेत्रातला. १८७३ मध्ये फ्रँक शेपर्ड नावाच्या गृहस्थाने अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या वकिलांसाठी डिंक लावलेल्या छापील चिठ्ठ्या विकायला सुरुवात केली. निकालपत्रांच्या खंडांत समासात त्या चिकटवायच्या. या निकालाचा पुढे कोणत्या निकालांत उल्लेख झाला, ते त्यांवर छापलेले असे. पुढे या नोंदींचे ग्रंथ झाले आणि त्यांत उल्लेखाशेजारी एकेक अक्षर येऊ लागले. नंतरच्या न्यायालयाने आधीचा निकाल मानला, वेगळा काढला की रद्द ठरवला, हे त्या अक्षरावरून कळे. वकिलाच्या दृष्टीने सारी किंमत त्या अक्षराची होती. दहा ठिकाणी उल्लेख झालेला, पण शेवटी रद्द ठरलेला निकाल घेऊन न्यायालयात कोण उभा राहील?

१९५३ मध्ये शेपर्डच्या कंपनीतून निवृत्त झालेल्या विल्यम अडेर यांनी यूजीन गारफील्ड यांना पत्र लिहून ही पद्धत विज्ञानात वापरण्याची सूचना केली. गारफील्ड यांचा त्यावरचा प्रसिद्ध लेख १९५५ मध्ये आला, १९६४ मध्ये त्यांच्या फिलाडेल्फियातील संस्थेने विज्ञानाची संदर्भसूची बाजारात आणली आणि १९७५ पासून पत्रिकांचे प्रभावांक वार्षिक अहवालाच्या रूपाने निघू लागले. या प्रवासात शेपर्डची उल्लेखांची यादी आली, ते अक्षर मात्र मागे राहिले. लेख कोणी मानला, कोणी खोडला, कोणी केवळ रिवाज म्हणून तळटीपेत टाकला, हे सगळे एकाच आकड्यात विरघळले. माझ्या मते या मापाचा मूळ दोष येथे आहे. त्याचे बाकीचे दोष सर्वांना माहीत आहेत. याची चर्चा कमी होते.

आकडा काढण्याची रीत सोपी आहे. समजा, एका त्रैमासिकाच्या प्रत्येक अंकात सहा लेख येतात. वर्षाचे चोवीस, दोन वर्षांचे अठ्ठेचाळीस. पुढच्या एका वर्षात, सूचीत असलेल्या पत्रिकांमधून, या दोन वर्षांतल्या मजकुराचे बारा उल्लेख झाले. बाराला अठ्ठेचाळीसने भागले की प्रभावांक ०.२५. यातली मेख पाहा. उल्लेख सूचीतल्या पत्रिकेतच व्हायला हवा आणि तो दोन वर्षांच्या खिडकीतल्या मजकुराचाच हवा. शिवाय संपादकीयाचे किंवा वाचकांच्या पत्रांचे उल्लेख वर अंशात धरले जातात, पण खाली छेदात ती मोजली जात नाहीत.

सरासरी किती फसवी असते याचे ठळक उदाहरण ‘अ‍ॅक्टा क्रिस्टलोग्राफिका’च्या ‘अ’ विभागाचे आहे. या पत्रिकेचा प्रभावांक २००८ मध्ये २.०५१ होता, तो २००९ मध्ये ४९.९२६ झाला. पत्रिका एका वर्षात चोवीसपट चांगली झाली होती का? नाही. जॉर्ज शेल्ड्रिक यांचा एकच लेख २००८ मध्ये आला होता. तो स्फटिकांची रचना उलगडणाऱ्या एका संगणकप्रणालीविषयी होता आणि ती वापरणारा प्रत्येक जण त्या लेखाचा उल्लेख करी. तो लेख दोन वर्षांच्या खिडकीबाहेर गेला आणि आकडा पुन्हा दोनच्या आसपास आला. मधल्या काळात त्या पत्रिकेत लिहिलेल्या इतरांच्या लेखांवर विनाकारण सोनेरी मुलामा चढला. पेर सेग्लेन यांनी १९९७ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये दाखवून दिले होते की, पत्रिकेचे निम्मे उल्लेख साधारण पंधरा टक्के लेखांच्या वाट्याला येतात. म्हणजे पत्रिकेच्या आकड्यावरून त्यातल्या एखाद्या लेखाची किंमत करणे, हे गावाच्या सरासरी जमिनीवरून एखाद्या कुळाची श्रीमंती ठरवण्यासारखे आहे.

मापावर पोट अवलंबून असले की माप वाकवले जाते. ब्राझीलमध्ये पदव्युत्तर अभ्यासक्रमांचे मूल्यमापन पत्रिकांच्या प्रभावांकावर चाले. तेथील चार वैद्यकीय पत्रिका एकमेकींचे उल्लेख ठरवून वाढवत असल्याचे उघड झाले आणि २०१३ मध्ये त्यांचे प्रभावांक रोखले गेले.

आता मराठीकडे येतो, आणि येथे मला दोन वार्तापत्रे शेजारी ठेवायची आहेत. ग्रेगोर मेंडेल यांनी वाटाण्यांवरील प्रयोगांचा निबंध १८६५ मध्ये ब्रुन गावच्या निसर्गविज्ञान मंडळात वाचला आणि पुढच्या वर्षी तो त्या मंडळाच्या वार्षिक वृत्तात छापला गेला. त्याचे उल्लेख हाताच्या बोटांवर मोजण्याइतके झाले. १९०० मध्ये त्याचे महत्त्व कळले आणि आनुवंशिकीचे शास्त्र उभे राहिले. दुसरे वृत्त पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाचे. मंडळाची स्थापना १९१० ची. १९१६ मध्ये त्याच्या चतुर्थ संमेलनवृत्तात लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली. शिवाजी महाराजांचा जन्म शके १५५१ च्या फाल्गुन वद्य तृतीयेस झाला, अशी तिच्यात नोंद होती. तोवर १६२७ ही साल सर्वमान्य होती. त्या एका नोंदीवर पुढे दशकानुदशके वाद झडले, समित्या बसल्या आणि अखेर या शतकाच्या सुरुवातीला शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. तिथी की तारीख हा वाद आजही चालू आहे आणि त्यातले दोन्ही पक्ष उभे आहेत ते शकावलीच्याच नोंदीवर.

या प्रकाशनाचा प्रभावांक किती? खिडकी १९१८ पाशी बंद होते. शाळेतले मूल दरवर्षी फेब्रुवारीत जी तारीख फळ्यावर लिहिते तिला तळटीप नसते. शासकीय सुट्ट्यांच्या यादीत संमेलनवृत्ताचा पृष्ठांक नसतो. मराठी समाजाच्या सार्वजनिक जीवनावर एवढा परिणाम करणारे संशोधन कोणते, असे विचारले तर फार नावे पुढे येणार नाहीत. आणि या मापात त्याची किंमत शून्याच्या जवळपास भरेल. इतिहासाच्या अभ्यासात हा अपवाद नाही. राजवाड्यांच्या साधनखंडांचा पहिला खंड १८९८ चा आहे आणि मराठ्यांच्या इतिहासावर गंभीरपणे लिहिणारा माणूस आजही त्या खंडांकडे जातो. दोन वर्षांची खिडकी प्रयोगशाळेसाठी बनवली आहे. दफ्तरखान्याला ती लागू पडत नाही. हे गारफील्ड यांच्या संस्थेलाही ठाऊक असावे. तिने कला व मानव्यविद्यांची वेगळी सूची काढली होती आणि त्या सूचीतल्या पत्रिकांना २०२३ पर्यंत प्रभावांक दिलाच जात नव्हता.

आपल्याकडे मात्र हा विवेक राहिला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने अध्यापकांच्या कामाला गुण जोडले आणि प्रभावांकानुसार ते वाढत गेले. २०१८ च्या नियमावलीतही ही पायरी कायम होती, आणि प्रभावांक ‘थॉमसन रॉयटर्स’च्या यादीवरून ठरवावा असे तिच्यात म्हटले होते. ती यादी त्या कंपनीने २०१६ मध्येच विकून टाकली होती. दरम्यान मान्यताप्राप्त पत्रिकांची यादी निघाली. तिच्यातल्या, विद्यापीठांनी सुचवलेल्या पत्रिकांची भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी तपासणी केली आणि २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये निष्कर्ष छापला: तपासलेल्यांपैकी अठ्ठ्याऐंशी टक्क्यांहून अधिक पत्रिका निकृष्ट असू शकतात. त्याच वर्षी आयोगाने ४,३०५ पत्रिका वगळल्या. मग पुणे विद्यापीठात केंद्र असलेली ‘केअर’ यादी आली आणि २०२५ मध्ये तीही बंद करून निवडीची जबाबदारी संस्थांवर सोपवण्यात आली. पंधरा वर्षांत इतक्या वेळा माप बदलले, पण लेख वाचून त्याची किंमत ठरवावी असे कोणत्याही टप्प्यावर कोणाला अनिवार्य वाटले नाही.

याची किंमत मी जवळून पाहिली आहे. माझ्या परिचयाच्या एका तरुण अध्यापिकेने एका घाटमार्गावरच्या जकातीच्या नोंदींवर उत्तम मराठी लेख लिहिला होता. तिच्या महाविद्यालयाने मराठी त्रैमासिकाला गुण नाहीत असे सांगितले. तो लेख अर्धा कापून, इंग्रजीत करून, पैसे भरून, कोणी न वाचणाऱ्या एका अंकात छापला गेला. त्या घाटाखालच्या गावांत जे शंभर वाचक त्यात भर घालू शकले असते, त्यांच्यापर्यंत तो पोचलाच नाही. भाषेतून संशोधन असे निघून जाते. त्याचा कोठे गाजावाजा होत नाही.

आकड्याच्या बाजूनेही एक गोष्ट बोलायला हवी. आकडा नसेल तर वशिला येतो. माझ्यासारख्या पदवी नसलेल्या माणसाला ‘तुमचे गुरू कोण?’ हा प्रश्न आकड्यापेक्षा जास्त वेळा आडवा आला आहे. आकडा निदान आडनाव विचारत नाही. शिवाय आमच्या पत्रिकाही निर्दोष नाहीत. अंक वेळेवर निघत नाहीत, परीक्षण स्नेह्यांकडून होते, संदर्भ ‘राजवाड्यांनी म्हटलेच आहे’ एवढ्यावर आटोपतात आणि जुन्या अंकांची एकत्रित सूची क्वचितच सापडते. ज्याचा माग ठेवलेला नाही त्याचा प्रभाव दाखवता येत नाही, हे कटू असले तरी खरे आहे.

म्हणून केवळ निषेध पुरेसा नाही. २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने पत्रिकेचा आकडा व्यक्तीच्या मूल्यमापनात वापरू नये असे सांगितले. २०१५ च्या लायडन जाहीरनाम्याच्या दहा तत्त्वांत स्थानिक महत्त्वाच्या संशोधनाला संरक्षण देण्याचे एक तत्त्व आहे. ते आपल्याला लागू करायचे तर साधन आपणच तयार करायला हवे. शं. ग. दाते यांनी १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूची चिकाटीने केली. तशीच मराठी संशोधनपत्रिकांच्या संदर्भांची सूची करता येईल. प्रत्येक उल्लेखाशेजारी शेपर्डसारखे एक अक्षर असावे: मं म्हणजे मंडन, खं म्हणजे खंडन, भ म्हणजे भर, दु म्हणजे दुरुस्ती. पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष मांडून वाद करण्याची परंपरा असलेल्या समाजाला हे अवघड जाऊ नये. खिडकी दोन वर्षांची नसावी. शंभर वर्षांची असावी.

जेधे शकावलीच्या नोंदीसमोर मग चारही अक्षरे दिसतील. तिच्यावर कोणी विसंबले, कोणी शंका घेतली, कोणी इतर साधनांतून भर घातली, हे एका पानावर कळेल. तो आकडा असणार नाही आणि पदोन्नतीच्या तक्त्यात बसणारही नाही. पण ते पान तयार करण्यासाठी प्रत्येक लेख कोणीतरी वाचलेला असावा लागेल.