स्लोव्हेन भाषा व तिचे देशांतरित भाषिक : एका संशोधनपरंपरेची चिकित्सा

मोठ्या भाषेचा अभ्यासक आपल्या विषयाचे अस्तित्व गृहीत धरून लेखणी उचलतो. स्लोव्हेन भाषेच्या अभ्यासकास ही सवलत फार काळ लाभली नाही. सुमारे वीस ते पंचवीस लाख भाषिकांची ही दक्षिण स्लाव भाषा शतकानुशतके जर्मन, इटालियन आणि हंगेरियन या भाषांच्या कोंडीत राहिली. तिला स्वतःचे सार्वभौम राज्य लाभले ते १९९१ साली. त्यामुळे तिच्याविषयीचे संशोधन हे पुष्कळदा न्यायालयात दाखल करावयाच्या पुराव्यासारखे लिहिले गेले. पुरावा भक्कम आहे, यात शंका नाही. १८०७ साली उजेडात आलेली फ्रायझिंगची हस्तलिखिते हे रोमन लिपीतील सर्वांत जुने स्लाव लेखन होय. प्रिमोझ त्रूबारने १५५० साली पहिली मुद्रित पुस्तके दिली. युरी दालमातिनचे संपूर्ण बायबल आणि आदाम बोहोरिचचे व्याकरण ही दोन्ही १५८४ या एकाच वर्षी प्रसिद्ध झाली. हा इतिहास प्रत्येक ग्रंथाच्या प्रस्तावनेत पुन्हा सांगितला जातो, आणि पुन्हा सांगण्याची ही गरजच या परंपरेविषयी बरेच काही सांगून जाते.

पुराव्याच्या हव्यासाने विषयाची निवडही ठरते. जी सामग्री भाषेचे प्राचीनत्व अथवा स्वतंत्रता सिद्ध करते ती अग्रस्थानी येते. जी मिश्र, तुटक वा संकोच वाटावा अशी असते, ती मागे पडते. या हव्यासापासून मुक्त असलेले काही श्रेष्ठ ग्रंथ परकीयांनी लिहिले, हा निव्वळ योगायोग नव्हे. बोदुएँ द कुर्तने याने इटलीतील रेझिया खोऱ्याच्या बोलींचे ध्वनिविवेचन १८७५ साली प्रसिद्ध केले. तेथील स्वरसंवादाची कारणमीमांसा त्याने तुराणी संपर्कात शोधली. ती पुढे कोणी मान्य केली नाही, परंतु बोलीचे वर्णन टिकले. लुसियाँ तेन्येर हा फ्रेंच पंडित १९२० नंतरची काही वर्षे ल्युब्ल्याना येथे अध्यापक होता. त्याचा स्लोव्हेन द्विवचनावरील ग्रंथ व त्यासोबतचा नकाशासंग्रह १९२५ साली निघाला.

या ग्रंथाशी थोडे थांबणे इष्ट आहे. संस्कृत व्याकरण शिकलेल्यास द्विवचन अपरिचित नाही. प्राकृतांनी ते टाकले, आणि मराठीत ‘दोघे’, ‘दोघी’ यांसारख्या शब्दांपलीकडे त्याचे कार्य उरले नाही. स्लोव्हेनमध्ये ते चालू व्यवहारात आहे. ‘देलावा’ म्हणजे आम्ही दोघे काम करतो. ‘देलामो’ म्हणजे आम्ही तिघे किंवा अधिक जण काम करतो. असे दुर्मीळ व्याकरणरूप जपल्याचा अभिमान स्लोव्हेन लेखकांना वाटावा, हे स्वाभाविकच. तेन्येरने मात्र गावोगावची रूपे नकाशावर मांडली, आणि या वारशाचे चित्र अगदी निराळे दिसले. द्विवचन सर्वत्र सारखे जिवंत नाही. स्त्रीलिंगी रूपे अनेक बोलींत पुल्लिंगी द्विवचनात अथवा बहुवचनात विरघळली आहेत. अभिमानाचा विषय त्याच्या हाती प्रक्रियेचा विषय झाला. याचा अर्थ स्वदेशीय अभ्यासक दुय्यम, असा मुळीच नव्हे. फ्रान रामोव्श याचा १९३१ चा बोलीनकाशा आणि १९३५ चा बोलींवरील खंड यांच्यावाचून पुढील कोणतेही काम संभवनीय नव्हते. २०११ साली प्रसिद्ध होऊ लागलेला स्लोव्हेन भाषिक नकाशासंग्रह याच पायावर उभा आहे. फ्रान मिक्लोशिच तर व्हिएन्ना विद्यापीठात स्लाव भाषाशास्त्राच्या अध्यासनावर १८४९ पासून होता. त्याने युरोपातील रोमा लोकांच्या बोलींवर १८७२ ते १८८० या काळात ग्रंथमाला लिहिली. तिचा माग भारतीय आर्य भाषांपर्यंत येतो आणि म्हणून येथील अभ्यासकांनीही ती हाताळावयास हवी. स्वभाषेच्या कैवाराबाहेर पडलेला स्लोव्हेन पंडित किती दूर पाहू शकतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

कैवाराची गरज का पडली, हे कॅरिंथियाच्या इतिहासावरून स्पष्ट होते. १० ऑक्टोबर १९२० च्या सार्वमतात त्या प्रांताच्या दक्षिण भागातील सुमारे ५९ टक्के मतदारांनी ऑस्ट्रियाच्या बाजूने कौल दिला. आणि तेथील बहुसंख्य रहिवासी तर स्लोव्हेन भाषिक होते. भाषा एक आणि राजकीय निष्ठा दुसरी, हे सरळ उत्तर कोणासच मानवले नाही. इतिहासकार मार्टिन वुट्टे याने १९२७ साली ‘विंडिश’ नावाचा स्वतंत्र गटच मांडला : हे लोक बोलतात ती स्लोव्हेन नव्हे, जर्मनमिश्रित अशी काही निराळीच बोली आहे, आणि मनाने ते जर्मन संस्कृतीचे आहेत, असा त्याचा दावा. ‘विंडिश’ हे जर्मनांनी स्लाव शेजाऱ्यांना दिलेले जुने नाव. जुन्या नावात नवा अर्थ भरण्यात आला आणि १९३९ च्या जनगणनेत तो अर्थ सरकारी रकाना होऊन बसला. १९५१ च्या जनगणनेत तर जर्मन, विंडिश व स्लोव्हेन यांच्या जोड्या लावून अनेक वर्ग करण्यात आले. भाषाशास्त्रदृष्ट्या या भेदास आधार नाही. परंतु एखादा सिद्धांत शास्त्रात टिकला नाही म्हणजे तो व्यवहारातून गेला, असे नव्हे. १९५५ च्या राज्यकराराच्या सातव्या कलमाने दिलेल्या द्विभाषिक फलकांची व्यवस्था १६४ गावांपुरती का होईना, पण २०११ साली लागली. १९७२ साली असे फलक जमावाने उखडले होते. ज्या संशोधनाने माणसांचे वर्ग पाडले, त्याची परिणती गावाच्या पाटीपर्यंत पोहोचते, याचा विसर पडू नये.

हेच ‘विंडिश’ नाव अटलांटिकच्या पलीकडे गेले की वेगळेच बोलू लागते. प्रेकमुर्ये हा प्रदेश पहिल्या महायुद्धापर्यंत हंगेरीत होता. तेथील स्लोव्हेनांची स्वतंत्र लेखनपरंपरा होती. श्तेवान क्यूझ्मिचचा नवा करार १७७१ साली तिच्यातच छापला गेला. पेनसिल्व्हेनियातील बेथलेहेम या पोलादनगरीत गेलेले येथील लोक इंग्रजीत स्वतःस विंडिश म्हणवीत. हे वुट्टेचे विंडिश नव्हेत. पण कागदपत्रांवर केवळ शब्द उरतो. अमेरिकेच्या देशांतर खात्याने तर १८९९ पासून ‘क्रोएशियन व स्लोव्हेनियन’ असा एकच वर्ग ठेवला. कित्येक जण ‘ऑस्ट्रियन’ म्हणून नोंदले गेले, आणि ‘स्लोव्हाक’ या नावाशी होणारा घोटाळा निराळाच. अशा स्थितीत पहिल्या महायुद्धापूर्वीच्या देशांतराचे आकडे बिनदिक्कत देणारे ग्रंथ वाचकाची फसवणूक करतात, असे कठोरपणे म्हणावे लागते. क्लीव्हलँडवरील मात्याझ क्लेमेंचिच याच्या १९९५ च्या ग्रंथाचे मोल त्यातील संस्थांच्या आणि वृत्तपत्रांच्या तपशिलात आहे. १८९४ ची कॅथलिक संघटना आणि १९०४ ची पुरोगामी परस्परसाहाय्य संस्था यांची नोंदवही जनगणनेहून अधिक विश्वसनीय ठरते. वर्गणी भरणारा माणूस आपले नाव बहुधा नीट सांगतो.

देशांतरितांचा प्रश्न मायदेशाच्या वाङ्मयाबाहेरचा आहे, ही समजूत १९३२ सालीच मोडावयास हवी होती. लुई अदामिच हा पंधरा वर्षांचा असता अमेरिकेस गेला आणि इंग्रजी लेखक झाला. त्या वर्षी तो स्वदेशी आला, तेव्हा कवी ओतोन झुपांचिच याने ‘ल्युब्ल्यान्स्की झ्वोन’ या मासिकात त्याच्यावर लेख लिहिला : भाषा सुटली तरी स्लोव्हेनपण सुटत नाही, असा त्याचा आशय. योसिप विद्मार याने ‘स्लोव्हेनपणाचा सांस्कृतिक प्रश्न’ या पुस्तकाने त्याचा प्रतिवाद केला; मासिकात फूट पडली आणि बाहेर पडलेल्या मंडळींनी १९३३ साली ‘सोदोब्नोस्त’ काढले. युगोस्लाव एकीकरणाचा दाब वाढत असताना भाषेवाचून अस्मिता मान्य करणे म्हणजे हाती असलेले एकमेव शस्त्र टाकणे होते, हे विद्मारला नेमके कळले होते. परंतु झुपांचिचचा प्रश्नही त्यामुळे निकालात निघत नाही. पिट्सबर्गच्या खाणीतल्या माणसाचा मुलगा कोण, हे कोणत्या भाषेत विचारावयाचे?

१९९९ साली तीन खंडांत निघालेला देशांतरित स्लोव्हेन वाङ्मयाचा इतिहास या प्रश्नाकडे खंडनिहाय भूगोलाने पाहतो : युरोप, ऑस्ट्रेलिया व आशिया, उत्तर अमेरिका, दक्षिण अमेरिका. संदर्भग्रंथ म्हणून तो अपरिहार्य आहे. परंतु या मांडणीने अर्जेंटिनातील दोन परस्परविरोधी जगे एका छपराखाली येतात. एक, १९२० नंतर इटलीच्या ताब्यात गेलेल्या किनारी प्रदेशातून फॅसिझमला कंटाळून निघालेले कामकरी. दुसरे, १९४५ नंतर साम्यवादी राजवटीपुढून पळालेले सुशिक्षित कॅथलिक, ज्यांनी १९५४ साली ब्यूनोस आयरेस येथे स्वतःची सांस्कृतिक संस्था स्थापिली. दुसऱ्या गटाची पुस्तके मायदेशी दशकानुदशके ग्रंथालयाच्या बंद विभागात होती. न वाचलेल्या वाङ्मयाचा मायदेशी वाङ्मयावर काय परिणाम झाला असता, ही पोकळीही इतिहासाचाच भाग आहे. खंडनिहाय सूचीत तिला जागा नाही.

बोलल्या जाणाऱ्या भाषेचे दुर्दैव याहून मोठे. अमेरिकन स्लोव्हेन दीर्घकाळ ‘बिघडलेली’ म्हणून बाजूस ठेवली गेली. नादा शाबेत्स हिच्या १९९५ च्या ग्रंथाचे शीर्षक ‘हाफ पा पू’ हेच मुळी त्या भाषिकांच्या तोंडचे आहे. अर्धे एक, अर्धे दुसरे, असा त्याचा भाव. अशा मिश्रणातही व्यवस्था असते : मोटारीसाठी रूढ झालेला ‘कारा’ हा शब्द इंग्रजीतून आला खरा, पण स्लोव्हेन स्त्रीलिंगी नामाप्रमाणे तो मुकाट चालविला जातो. मोडतोडीचे व्याकरण लिहिणारा हा ग्रंथ तेन्येरच्या पंक्तीत बसविण्यास हरकत नसावी.

उशिरा हाती घेतलेला आणखी एक विषय म्हणजे ‘अलेक्सांद्रिंके’. सुवेझ कालवा १८६९ साली खुला झाल्यानंतर गोरित्सा परिसरातील आणि विपावा खोऱ्यातील स्त्रिया इजिप्तमध्ये दाई, आया व मोलकरीण म्हणून जाऊ लागल्या. कित्येकींनी आपले तान्हे घरी ठेवून परक्याचे मूल पाजले, आणि त्या पैशावर घरे व शेते कर्जातून सुटली. गावाने पैसा घेतला आणि बाईविषयी बोलणे टाळले. दोरित्सा माकुत्स हिचा ग्रंथ १९९३ साली आला. मिर्याम मिल्हार्चिच ह्लाद्निक हिने संपादित केलेला इंग्रजी लेखसंग्रह २०१५ साली. या संशोधनाने त्या स्त्रियांना लज्जेतून काढले. पण काही लेखनात त्यांना आता त्यागमूर्ती करण्याकडे कल दिसतो, आणि तो तितकाच घातक आहे. बायकांनी घरी पाठविलेल्या पत्रांत पैशाचा हिशेब, मुलांची चौकशी आणि अलेक्झांड्रियातील सुखाचे वर्णन एकाच कागदावर असते. त्या पत्रांची भाषा बोलीची आहे, शुद्धलेखन मनाचे आहे, मधूनच इटालियन शब्द डोकावतात. त्या पत्रांचे भाषाशास्त्रीय संपादन झाल्यास बोलीचा अभ्यासक आणि देशांतराचा अभ्यासक यांना एकाच मेजावर बसावे लागेल.