सेनापतीचा तंबू आणि बातमीदाराची लेखणी

युद्धकाळीं सेना आणि वृत्तपत्रें यांच्यांत सलोखा असावा, हें कोणीही मान्य करील. तो कोणत्या अटींवर असावा, याविषयीं मात्र एकमत होत नाहीं. या वादांत तात्त्विक चर्चेपेक्षां विल्यम हॉवर्ड रसेल याची १८६० सालीं दोन भागांत प्रसिद्ध झालेली हिंदुस्थानांतील रोजनिशी अधिक उपयोगी पडेल. सत्तावनच्या उठावाचें एक साधन म्हणून अभ्यासक ती चाळतात. प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीनें ती क्वचितच वाचली जाते.

रसेल हा लंडनच्या 'टाइम्स'चा बातमीदार. १८५४ सालीं तो क्रिमियाच्या रणभूमीवर गेला, तेव्हां सेनापति लॉर्ड रॅग्लन यानें त्याची दखलच घेतली नाहीं. तेव्हां जें दिसलें, जें कानीं आलें, तें सर्व त्यानें लिहून धाडलें. शिपायांची दैना इंग्लंडला कळली, आणि १८५५ च्या जानेवारींत अबर्डीनचें मंत्रिमंडळ पडण्यास तीं पत्रें पुष्कळ अंशीं कारण झालीं. परंतु शत्रूच्या कामीं येईल असा मजकूरही त्यांतून छापला जातो, ही रॅग्लनची तक्रार अगदींच निराधार नव्हती. अखेर १८५६ च्या फेब्रुवारींत जनरल कॉड्रिंग्टन यानें अशा मजकुराविरुद्ध हुकूम काढला. बातमीदाराशीं प्रथमच कांहीं बोलणें झालें असतें, तर हुकुमाची वेळ कदाचित् आली नसती.

१८५८ च्या आरंभीं हिंदुस्थानांत आलेल्या रसेलशीं सर कॉलिन कँपबेल निराळ्या रीतीनें वागला. स्वतःस जें कळेल तें सर्व मी तुम्हांस सांगेन. मात्र तें छावणींत कोणाजवळ बोलूं नये, इंग्लंडला जाणाऱ्या पत्रांतच लिहावें, एवढीच अट त्यानें घातली. ही अट फार विचारपूर्वक घातलेली आहे. ती लेखकाच्या जिभेला बांधते, लेखणीला नाहीं. गुप्तता कोठें व किती काळ पाळावी हें ती सांगते. काय चांगलें आणि काय वाईट म्हणावें, याविषयीं ती मौन धरते. पत्र विलायतेस पोंचण्यास कित्येक आठवडे लागत, तेवढ्यांत गुपिताचें महत्त्व आपोआप सरे. १९९१ च्या आखाती युद्धांत किंवा २००३ सालीं इराकमध्यें ही सोय उरली नव्हती. बातमी क्षणांत जगभर जाऊं लागल्यावर मुदतीचा करार कठीण होतो, आणि मुदतीऐवजीं मतावरच बंधन घालण्याचा मोह सेनेस पडतो.

कराराची खरी कसोटी लेखनांत लागते. इंग्रजांच्या सूडबुद्धीचा, नेटिवांना दिल्या जाणाऱ्या अमानुष वागणुकीचा रसेल उघड निषेध करितो; अत्याचारांच्या कित्येक तिखटमीठ लावलेल्या कथांवर तो अविश्वास दाखवितो. सेनापतीशीं स्नेह असूनही हें त्याला लिहितां आलें, यांत त्याचा मोठेपणा आहे.

तथापि तंबूंत बसणाऱ्याच्या दृष्टीस तंबूची मर्यादा पडतेच. लखनौच्या कैसरबागेची लूट तो वर्णितो, तेव्हां एक शिपाई रत्नजडित दागिना १०० रुपयांस देऊं करितो. रसेलजवळ रोख पैसे नसल्यामुळें सौदा मोडतो. ही हकीकत तो मोकळेपणानें सांगतो, पण तींत त्याला फारसा संकोच वाटलेला दिसत नाहीं. लुटीचा साक्षीदार येथें लुटीचा भागीदार होण्याच्या बेतांत होता.

म्हणूनच या रोजनिशीशेजारीं वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' ठेवून वाचावा. चिंतामण विनायक वैद्य यांनीं तो १९०७ सालीं प्रसिद्ध केला. दक्षिणेच्या आशेनें उत्तरेस गेलेल्या या भिक्षुकानें झांशीची कत्तल व लूट शहरांत राहून भोगली. त्याला सेनापतीचा बेत ठाऊक नव्हता. पण लुटल्या गेलेल्या घराच्या आंत काय होतें, तें त्यालाच ठाऊक होतें.

सेनेनें बातमीदारास विश्वासांत घ्यावें, आणि बातमीदारानें तो विश्वास प्राणापलीकडे जपावा, हा रसेलचा धडा ग्राह्य आहे. परंतु तेवढ्यानें युद्धाचें चित्र पुरें होत नाहीं. ज्या बातमीदाराला छावणींत मानाची जागा मिळाली, त्यानें दिवसांतून एकदां तरी छावणीबाहेर पडून विष्णुभटांसारख्यांस गांठलें पाहिजे. आणि सेनेनें त्याला जाऊं दिलें पाहिजे. अटींच्या यादींत हें कलम कँपबेलनेंही लिहिलें नव्हतें.