स्वतंत्र चाक आणि समान भार

अवजड लष्करी वाहनांविषयीच्या लेखनात ‘स्वतंत्र’ या विशेषणाला विलक्षण प्रतिष्ठा लाभलेली आहे. प्रत्येक चाक आपापल्या परीने वरखाली होते ते सस्पेन्शन ‘स्वतंत्र’. आणि जेथे दोन चाके एका अखंड आसाने जखडलेली असतात ते, कोणी तसे न म्हणताही, जुनाट ठरते. वस्तुतः हा शब्द केवळ एक यांत्रिक संबंध सांगतो. परंतु त्याच्यासमोर ‘परतंत्र’ हा शब्द उभा असल्यामुळे वर्णनाबरोबरच स्तुतीही येते, आणि परीक्षण राहून जाते. (सस्पेन्शनला दिला जाणारा ‘निलंबन’ हा प्रतिशब्द तर वाचकास चौकशी चाललेल्या कारकुनाचीच आठवण करून देतो. ‘पाटा तुटला’ म्हणणारा गॅरेजवाला अधिक अचूक बोलतो.)

या स्तुतीची परीक्षा पाहावयाची तर मिन्स्कची दोन वाहने शेजारी ठेवावी. बोरिस शापोश्निक यांच्या रचनाकार्यालयात १९५० नंतरच्या दशकात माझ-५३७ हा रणगाडे ओढणारा आठचाकी ट्रॅक्टर सिद्ध झाला. पुढे तेथूनच माझ-५४३ हे क्षेपणास्त्रवाहक निघाले. माझ-५४३ची आठही चाके टॉर्शन बारवर, म्हणजे पीळ घेणाऱ्या पोलादी दांड्यांवर, स्वतंत्रपणे तोललेली आहेत. माझ-५३७ची पुढची चार चाके तशीच आहेत. मागची चार मात्र दोन बाजूंच्या समतोल-तुळयांवर आहेत, आणि तेथे स्प्रिंग मुळीच नाही. ज्या कार्यालयास स्वतंत्र रचना उत्तम अवगत होती, त्यानेच ती येथे नाकारली, हे लक्षात घेतले पाहिजे.

याचे कारण भाराच्या स्वरूपात आहे. क्षेपणास्त्रवाहकावरील प्रक्षेपणयंत्रणा कायमची बसविलेली असते. भरल्या व रित्या वाहनाच्या वजनात त्यामानाने थोडाच फरक पडतो, म्हणून स्प्रिंगचा ताठरपणा नेमका ठरविता येतो. रणगाडा ओढणाऱ्या ट्रॅक्टरची गोष्ट निराळी. अर्धझुलत्या ट्रेलरवर रणगाडा चढला की मागच्या आसांवर प्रचंड भार येतो आणि उतरला की तो नाहीसा होतो. भरल्या भारासाठी ताठ केलेली स्प्रिंग रिकाम्या फेरीत जवळजवळ हालत नाही. रिकाम्या फेरीसाठी मऊ केलेली भरल्या वेळी तळाला टेकते. शिवाय ताठ स्प्रिंगवरील स्वतंत्र चाक उंचवट्यावर चढले म्हणजे शेजारच्या चाकाचा भार स्वतःवर ओढून घेते. टायर फुटतो तो अशा वेळी, आणि चौकटीस तडा जातो तोही. तुळई तराजूच्या दांडीसारखी वागते. एक चाक २० सेंटिमीटर चढले तर तिचा मध्य १०च सेंटिमीटर उचलला जातो आणि दोन्ही चाकांवरील भार जवळपास सारखा राहतो. हादरे सोसण्याचे काम एकट्या टायरांवर पडते हे खरे, परंतु रणगाडा ओढीत असता वेग बेताचाच असतो.

अमेरिकन एम-१०७० या ट्रॅक्टरात हाच प्रश्न हवेने सोडविलेला आहे. मागच्या आसांखालील हवेच्या स्प्रिंगमधील दाब भाराप्रमाणे कमीअधिक होतो. त्याच्यामागील एम-१००० ट्रेलरला पाच ओळींत चाळीस चाके आहेत, आणि त्यांवरील भार तेलाच्या दाबाने सारखा केला जातो. एका नळीने जोडलेल्या सिलिंडरांत दाब समानच असावयाचा. अशा चाकांना स्वतंत्र कसे म्हणावे? ती परस्परावलंबी आहेत, आणि सत्तर टनी रणगाडा तिच्यामुळेच पुलावरून सुखरूप जातो.

‘स्वतंत्र’ या शब्दाचे माहात्म्य ज्या टाट्रा वाहनांच्या नावे सांगितले जाते, त्यांची गोष्टही इतकी सरळ नाही. हान्स लेडविंका यांनी १९२३च्या टाट्रा-११मध्ये चौकटीऐवजी मध्यवर्ती नळी योजिली आणि तिला झुलते अर्धआस जोडले. त्या नळीस कणा म्हणणे सार्थ आहे, कारण खडबडीत भूमीवर ती पीळ घेत नाही. भारतीय सेनेतही या घराण्याची वाहने आहेत. पुण्याच्या शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्थेने घडविलेली पिनाका प्रणाली टाट्रावरच बसविली गेली. परंतु अर्धआस झुलला की चाकही कलते. रिकामा टाट्रा उभा असता चाकांचे माथे बाहेर व तळ आत गेलेले दिसतात. भार चढला की ती सरळ होतात. चाक शेजाऱ्यापासून मोकळे झाले, पण त्याची उभे राहण्याची रीत पाठीवरच्या ओझ्याच्या अधीन राहिली. स्तुतिपर लेखनात ही दुसरी बाजू बहुधा गाळलेली असते, आणि टायरांच्या कडा एकाच बाजूने का झिजल्या याचा शोध नंतर दुरुस्तीशाळेत घ्यावा लागतो.