कंपवात आणि ‘अबाधित’ संवेदना : जेम्स पार्किन्सन यांच्या निबंधाचे पुनर्वाचन

लंडनमधील हॉक्स्टन येथे वैद्यकी करणाऱ्या जेम्स पार्किन्सन (१७५५–१८२४) यांनी १८१७ मध्ये कंपवातावर लिहिलेला छोटेखानी निबंध या विकाराच्या अभ्यासाचा आरंभबिंदू मानला जातो. निबंधाचा आधार अवघे सहा रुग्ण. त्यांतील दोघे रस्त्यात भेटलेले, तर एकाला केवळ दुरून पाहिलेले. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवरून विश्रांत अवयवांतील कंप, पुढे झुकलेला देह आणि चालता चालता धावू लागण्याची प्रवृत्ती यांचे रेखीव चित्र उभे करणे ही निरीक्षणशक्तीची कमालच होय. मात्र व्याख्येच्या अखेरीस त्यांनी एक विधान जोडले : रुग्णाच्या संवेदना व बुद्धी यांना बाधा पोहोचत नाही. बुद्धीविषयीचा भाग पुढे खोडला गेला. संवेदनांविषयीचा भाग अधिक काळ टिकला, आणि कंपवात हा निव्वळ हालचालींचा विकार ठरला.

वस्तुतः या विधानाला छेद देणारा पुरावा निबंधातच आढळतो. पाचव्या रुग्णाला चालण्यास आरंभ करता येत नसे. सेवक समोर उभा राहून त्याच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवी. मागेपुढे हलके झोके घेऊन तोल साधला की रुग्ण इशारा देई आणि धावत सुटे. पाय तेच, स्नायू तेच. भर पडली ती स्पर्शाची आणि लयीची. पार्किन्सन यांनी हे पाहिले, नोंदविले. त्याचा अर्थ मात्र लावला नाही.

तो अर्थ विसाव्या शतकात उलगडत गेला. पर्डन मार्टिन यांनी १९६७ च्या ग्रंथात जमिनीवरील आडव्या रेषांमुळे रुग्णांची पावले मोकळी होतात, हे दाखविले. दाराच्या चौकटीशी खिळलेला रुग्ण आखलेल्या पट्ट्या मात्र ओलांडत जातो. डोपामिनच्या अभावी मेंदूतील तलगंडिकांकडून मिळणारी आंतरिक चालना क्षीण होते. दृष्टी वा ध्वनीचा संकेत पर्यायी मार्गाने ती उणीव काही अंशी भरून काढतो, असे मानले जाते. आवाजाचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. रुग्ण पुटपुटतो, पण स्वतःचा आवाज त्याला पुरेसा मोठा वाटतो. ऐकणाऱ्यालाच कमी ऐकू येते, अशी त्याची तक्रार असते. घरातील माणसे याला हट्ट समजतात. येथे दोष केवळ स्वरयंत्राच्या स्नायूंचा नाही, स्वतःच्या प्रयत्नाचे माप घेणाऱ्या यंत्रणेचाही आहे. गंधज्ञान तर अनेकदा कंपाच्या कित्येक वर्षे आधीच मंदावते.

मानेच्या डिस्टोनियातही याचे साम्य दिसते. हनुवटीला बोट नुसते टेकविले तरी काही रुग्णांची वाकडी मान सरळ होते. बोटाच्या बळाने मान वळत नाही, हे उघड आहे.

तथापि, या आधारे कंपवाताला संवेदनांचा विकार म्हणणे हा दुसऱ्या टोकाचा अतिरेक ठरेल. टाचणी टोचली तर रुग्णाला ती कळते. त्या मर्यादित अर्थाने पार्किन्सन चुकले नव्हते. उणीव आढळते ती संवेदनेच्या संस्करणात : डोळे मिटून सांध्याची स्थिती ओळखताना अनेक रुग्णांचा अंदाज चुकतो. शिवाय बाह्य संकेतांचा लाभ सर्वांना सारखा होत नाही, आणि पट्ट्या पुसल्या की पावले बहुधा पुन्हा आखूड होतात.